औषध माशांना ‘कमी विषारी’, तरी आठव्या दिवशी पिल्ले का मरतात?

विचारलेले थोडक्यात असे. भातखाचरांच्या उताराला मत्स्यबीजाचा संगोपन तलाव आहे. वरच्या खाचरांत खोडकिड्यासाठी क्लोरँट्रानिलिप्रोलचे दाणे टाकले. तिसऱ्या दिवशी जोराचा पाऊस झाला, बांध फुटला आणि खाचरांतले पाणी तलावात उतरले. चार-पाच दिवस काहीच झाले नाही. सातव्या-आठव्या दिवसापासून मात्र रोज सकाळी काठाला मेलेल्या पिल्लांची रेघ दिसू लागली. त्याच तलावातले मोठे मासे ठणठणीत आहेत. पिशवीवरच्या माहितीप्रमाणे हे औषध माशांना फारसे विषारी नाही. मग हे औषधाने झाले की रोगाने, आणि पुढच्या वेळी काय करायचे?

माझ्या मते औषधानेच, पण आडवाटेने. पिल्लांना विष बाधलेले नाही, त्यांचे खाणे मेले आहे. हे पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही. मेलेल्यांपैकी पाच-सहा पिल्ले काचेच्या तुकड्यावर घेऊन उजेडाकडे धरून पाहा. डोके अंगाच्या मानाने मोठे, धड सुईसारखे, पोट पाठीला लागलेले आणि आतड्यात काही नाही, असे दिसले तर ती उपाशी मेली. विषाने पटकन मेलेले पिल्लू असे नसते. त्याचे पोट बहुधा भरलेले असते, कारण काही तासांपूर्वीपर्यंत ते नीट खात होते.

आता पिशवीवरच्या आकड्याचे बघू, कारण गोंधळाचे मूळ तिथे आहे. ‘माशांना किती विषारी’ हे ठरवण्याची रूढ चाचणी ९६ तासांची असते. स्वच्छ पाण्यात औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा करायच्या, प्रत्येकीत मासे सोडायचे आणि चार दिवसांत निम्मे मासे कोणत्या मात्रेला मरतात ते पाहायचे. या आकड्याला एलसी-५० म्हणतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमावलीप्रमाणे या चाचणीत माशांना खायला घालतच नाहीत, आदल्या दिवसापासूनच बंद करतात. चाचणीपुरते ते बरोबर आहे, कारण खाणे आणि विष्ठा यांनी पाणी बिघडून निकाल फसतो. पण त्यामुळे त्या टाकीत अन्न मरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही आणि आठव्या दिवशी काय होते हेही कळत नाही. आकडा खोटा नाही, तो फक्त तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

थोडा हिशेब करून दाखवतो. एक हेक्टर खाचर, त्यात ५ सेंटिमीटर पाणी, म्हणजे ५०० घनमीटर किंवा ५ लाख लिटर. क्लोरँट्रानिलिप्रोलचे ०.४ टक्क्याचे दाणे हेक्टरी १० किलो टाकले तर मूळ औषध पडते ४० ग्रॅम. ते सगळेच्या सगळे पाण्यात उतरले असे धरले तर लिटरला ८० मायक्रोग्रॅम. मासे हजारो मायक्रोग्रॅमलाही तग धरतात, म्हणजे त्यांच्या दृष्टीने हे काहीच नाही. पण डाफ्निया, म्हणजे पाणपिसूच्या जातीचा तो टिचभरही नसलेला जीव, लिटरला साधारण १२ मायक्रोग्रॅमला दोन दिवसांत निम्म्याने लोळागोळा होतो, आणि त्याहून कमी मात्रेतही त्याची पिलावळ घटते. तलावात येऊन पाणी चार-पाच पट पातळ झाले तरी आपण त्या १२ च्या आसपासच घोटाळतो. तुमच्या पिल्लांचे मुख्य खाणे डाफ्निया आणि त्याचाच लहान भाऊबंद मोइना हेच होते.

आता याच हिशेबात दुसरी दोन औषधे घाला म्हणजे फरक कळेल. लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ५ टक्के प्रवाही हेक्टरी २५० मिली मारले तर मूळ औषध फक्त १२.५ ग्रॅम. सगळे पाण्यात पडले तर लिटरला २५ मायक्रोग्रॅम. या औषधाला बरेच मासे लिटरला १ मायक्रोग्रॅमच्याही खाली मरतात. कार्बोफ्युरानचे ३ टक्के दाणे हेक्टरी २५ किलो म्हणजे ७५० ग्रॅम औषध, लिटरला १,५०० मायक्रोग्रॅम, आणि नाजूक जातीचे मासे काहीशे मायक्रोग्रॅमला मरतात. म्हणजे सर्वांत कमी ग्रॅम टाकावे लागणारे औषध तिघांत माशांना सर्वांत घातक निघते. ‘हल्लीची औषधे किती थोडी लागतात’ हे कौतुक ऐकले की मला हा हिशेब आठवतो.

अर्थात प्रत्यक्षात सगळे औषध पाण्यात पडत नाही. लावणीनंतर वीस-तीस दिवसांत फुटवे कमी असतात, पाणी उघडे दिसते, तेव्हा फवाऱ्याचा मोठा वाटा थेट पाण्यात जातो. पीक पोटरीवर आले की पानेच बहुतेक औषध झेलतात. पायरेथ्रॉइड गटातली औषधे (सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्डा) पाण्यात राहायला नाखूश असतात. ती चिखलाला आणि शेवाळाला चिकटतात आणि पाण्यातले प्रमाण दिवसभरात बरेच उतरते. म्हणून खाचरात पाणी दोन-चार दिवस अडले तर ती बऱ्यापैकी निरुपद्रवी होतात, पण फवाऱ्यानंतर काही तासांत पाऊस येऊन पाणी वाहिले तर तलावात अक्षरशः कत्तल होते. कार्बोफ्युरानचे गणित वेगळे. ते आम्लधर्मी पाण्यात टिकते आणि अल्कधर्मी पाण्यात भराभर मोडते. खाचरात शेवाळ भरपूर असेल तर दुपारी पाण्याचा सामू (पीएच) ९ च्या वर चढतो आणि औषधाचा निकाल लवकर लागतो. ढगाळ आठवड्यात तसे होत नाही.

पिल्लेच का मरतात आणि मोठे का वाचतात, याचीही कारणे विषाप्रमाणे बदलतात. थेट विषबाधेत पिल्लू दोन-तीन बाजूंनी उणे असते. त्याच्या एक ग्रॅम वजनाला मोठ्या माशाच्या एक ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू लागतो, म्हणून तेवढेच जास्त पाणी त्याच्या कल्ल्यांवरून जाते आणि त्यासोबत औषधही. मत्स्यजिऱ्याच्या, म्हणजे अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाच्या, अवस्थेत तर कल्ले पुरते झालेले नसतात, ते कातडीतूनच श्वास घेते, आणि अंगावर खवलेही नसतात. यकृतात औषध मोडणारी विकरेही (एन्झाइम) अजून तोकडी. पायरेथ्रॉइडच्या बाबतीत मोठा मासाही काही मातब्बर नाही. सस्तन प्राणी हे औषध झपाट्याने फोडतात, माशांना ते जमत नाही, म्हणूनच घरात वापरायला चालणारे औषध तलावात महाग पडते.

अंड्याची गंमत उलटी आहे. अंड्याचे बाहेरचे कवच बरेच औषध अडवते, त्यामुळे अंडी पाहून ‘काही झाले नाही’ असे वाटते. रोहू-कटल्याची अंडी २७ ते ३० अंशांना १४ ते १८ तासांत फुटतात, पुढे साधारण तीन दिवस पिल्लू पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगते आणि मग तोंड उघडून खायला लागते. माझ्या अनुभवात सगळ्यात कच्चा दुवा हाच: पिशवी संपली आहे, शिकार अजून नीट जमत नाही आणि शिदोरी काहीच नाही. या वेळी दोन दिवस खाणे चुकले तर नंतर समोर अन्न आले तरी ते घेण्याची ताकद राहत नाही.

इथे एक आडकथा सांगतो, कारण ती ऐकून लोक गोंधळतात. कार्पच्या संगोपन तलावात जिरे सोडण्याआधी मुद्दाम ट्रायक्लोरफॉनसारखे ऑर्गॅनोफॉस्फरस औषध थोड्या मात्रेत टाकण्याची पद्धत अनेक हॅचऱ्यांत होती. त्याने डाफ्निया आणि कोपेपॉड हे मोठे पाणजीव मरतात, रोटिफर हे त्यांहून कितीतरी बारीक जीव मात्र वाचतात आणि स्पर्धा संपल्यामुळे भरमसाट वाढतात. तीन दिवसांच्या जिऱ्याच्या तोंडात मावणारे खाणे रोटिफरच असते. म्हणजे जे घडल्यामुळे तुमची पिल्ले मेली, नेमके तेच दुसरीकडे जाणूनबुजून घडवतात. फरक वयाचा आहे. तुमची पिल्ले, तुमच्या वर्णनावरून, दहा-पंधरा मिलिमीटरची झाली होती. त्या मापाला रोटिफर म्हणजे भुकेल्या माणसाने एकेक शीत वेचून खाणे. पकडायला जेवढी ताकद जाते तेवढीही भरून येत नाही. तेच पाणी दहा दिवस आधी आले असते तर कदाचित तुम्ही मला प्रश्नच विचारला नसता. शिवाय औषधाने नोटोनेक्टा, चतुराच्या अळ्या, पाणविंचू हे पिल्ले खाणारे किडेही मरतात, म्हणून एखाद्या वर्षी औषधाचे पाणी येऊनही जगवणूक वाढल्यासारखी दिसते आणि शेजारी त्यावरून वाद घालतात.

मोठे मासे वाचले कारण त्यांच्या अंगात चरबी आहे आणि ते कोंडा, पेंड, तळचा गाळ काहीही खातात. (संगोपन तलावात मोठे मासे होतेच का, हा वेगळा विषय आहे. त्यांनीही तुमची थोडी पिल्ले गट्ट केली असणार.)

आता थेट विषबाधा ओळखायची कशी ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी पहिल्या दोन तासांत कळेल. ऑर्गॅनोफॉस्फरस (क्लोरपायरिफॉस, मॅलॅथिऑन इत्यादी) आणि कार्बामेट (कार्बोफ्युरान) ही औषधे असेटिलकोलीनएस्टरेज हे विकर बांधून ठेवतात. मज्जातंतूने स्नायूला दिलेला इशारा पुसलाच जात नाही, स्नायू आवळलेलाच राहतो. अशा पिल्लाचे छातीचे पर पुढच्या दिशेला ताणून उभे राहतात. तोंड उघडे, अंग थरथरते, मधूनच झटका येऊन ते भिंगरीसारखे फिरते आणि तळाला जाते. वाचलेल्यांपैकी काहींचा कणा वाकडा होतो, कारण आवळलेल्या स्नायूंनीच मणके सरकवलेले असतात. कार्बामेटची पकड काही तासांत, फार तर दिवसभरात सुटते आणि अर्धमेले पिल्लू स्वच्छ पाण्यात पुन्हा पोहताना मी पाहिले आहे. ऑर्गॅनोफॉस्फरसची पकड सुटायला आठवडे लागतात. पायरेथ्रॉइडमध्ये सुरुवातीला अतिशय चळवळ दिसते, पिल्ले पाण्याबाहेर उड्या घेतात, कल्ल्यांची झाकणी भराभर हलतात, अंगावर चिकट स्राव सुटतो आणि मग ती कलंडतात. तापमानाचाही उलटसुलट परिणाम होतो. ऑर्गॅनोफॉस्फरस गरम पाण्यात जास्त झोंबते, पायरेथ्रॉइड गार पाण्यात.

प्राणवायू कमी पडून होणारे मरण याच्याशी नेहमी गल्लत होते. प्राणवायूची मर पहाटे लागते आणि आधी मोठे मासे जातात. विषाची मर कोणत्याही वेळी लागते, पिल्ले आधी जातात आणि पाणी हिरवेच राहते, कारण कीटकनाशक शेवाळाला सहसा मारत नाही. पाण्यावर मेलेले किडे तरंगताना दिसले, खेकडे-कोळंबी काठावर चढले, पण गोगलगाई निवांत फिरत असल्या तर मी पाणी तपासण्याआधीच कीटकनाशकाचे नाव घेतो.

मरणापेक्षा कमी मात्रेत जे होते ते दिसत नाही आणि म्हणून कोणी मोजत नाही. कार्पच्या कुळातल्या माशांची कातडी फाटली की तिच्यातून भीतीचा इशारा देणारे द्रव्य पाण्यात सुटते आणि बाकीचा थवा क्षणात तळाशी दडी मारतो. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये हे दाखवले. तेच, मधमाशांच्या नाचावर काम करणारे. आता हा इशारा घ्यायचा तर नाक शाबूत हवे. डायझिनॉन आणि सायपरमेथ्रिन अगदी कमी मात्रेतही सामन माशाचे घ्राण बोथट करतात हे प्रयोगांत दिसले आहे. मी स्वतः काचेच्या टाकीत एक साधी गोष्ट करून पाहतो. संशयित पाण्यात चोवीस तास ठेवलेली पंधरा-वीस पिल्ले घ्यायची आणि वरून हाताची सावली फिरवायची. स्वच्छ पाण्यातली पिल्ले एकदम फुटतात आणि परत जुळतात. बाधलेली पिल्ले सावलीखाली तशीच तरंगत राहतात, थवा सैल पडलेला असतो. एकही मेलेले नसते, पण तलावात सोडली तर बगळ्याच्या पोटात जायला त्यांना दोन दिवस पुरतील. तुमच्या हिशेबात ती ‘हरवलेली’ म्हणून जमा होतील.

तिसरा मार्ग रोगाचा. जपानमध्ये भातखाचरासारख्या प्रायोगिक वाफ्यांत इमिडाक्लोप्रिडच्या पाण्यात वाढलेल्या मेडाका माशाच्या पिल्लांवर ट्रायकोडिना या परजीवीचा भडका उडालेला आढळला. इमिडाक्लोप्रिड माशाला थेट मारायला लिटरमध्ये कितीतरी मिलिग्रॅम लागते. पण ताण आलेल्या पिल्लाला परजीवी पुरेसा होतो. म्हणून ‘औषध की रोग’ हा तुमचा प्रश्न बरेचदा एकाच प्रकरणाची दोन टोके असतात. सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी सापडला म्हणून औषध निर्दोष सुटत नाही.

अन्न मरून मासळी संपण्याचे सर्वांत मोठे उदाहरण जपानच्या शिमाने प्रांतातल्या शिंजी सरोवराचे आहे. भोवती भातशेती आहे. १९९३ पासून तिथल्या भातात निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशके (इमिडाक्लोप्रिड त्यांतलेच) वापरात आली, त्याच सुमारास सरोवरातले प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, कोसळले आणि स्मेल्ट माशाची वार्षिक पकड २४० टनांवरून २२ टनांवर आली. हे विश्लेषण २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिथे कुणी मेलेल्या माशांचे ढीग पाहिले नव्हते. कमी खाऊन कमी मासे तयार झाले, इतकेच.

आता तुमच्या तलावाचे. सर्वांत आधी प्लवक जाळीतून ५० लिटर पाणी गाळा. नळीत १ ते २ मिली गाळ बसला तर एरवी तो तलाव बीज सोडायला योग्य मानतात. पण तुमच्या बाबतीत नुसत्या मापावर जाऊ नका, तो गाळ भिंगाखाली पाहा. उड्या मारणारे पाणपिसू आहेत की नुसते रोटिफर आणि शेवाळ, हे महत्त्वाचे. पाणपिसू नसतील तर आजपासूनच शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समभाग, कापडातून गाळता येईल इतके बारीक दळून, दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे टाका. एकदम ओतले तर न खाल्लेले कुजून प्राणवायू खाईल. ज्यांचे पोट पाठीला लागले आहे त्यांतली बरीच जाणारच, त्यांची आशा धरू नका. जी अजून अन्नामागे वळतात ती तगतील.

बाहेरून मोइना आणून सोडण्याची घाई करू नका. आधी चार पेल्यांत तलावाचे पाणी आणि दोन पेल्यांत खात्रीचे विहिरीचे पाणी घ्या, प्रत्येकात दहा-दहा मोइना सोडा आणि दुसऱ्या दिवशी पेल्यावर टिचकी मारून किती हलतात ते मोजा. विहिरीच्या पाण्यातली जगली आणि तलावातली पडली असतील तर चार-पाच दिवस थांबून पुन्हा करा. मी पाणी तपासायच्या कुठल्याही महागड्या पट्टीपेक्षा या पेल्यांवर जास्त विसंबतो. मत्स्यपिल्लांना न कळणारे विषही मोइनाला कळते.

चुना टाकू का, असे बरेच जण विचारतात. कार्बोफ्युरान किंवा मॅलॅथिऑन असेल तर सामू वाढल्याने ते लवकर मोडते हे खरे. पण ट्रायक्लोरफॉन अल्कधर्मी पाण्यात डायक्लोरव्हॉसमध्ये बदलते, जे आणखी जहाल आहे, आणि सामू वाढला की अमोनियाही विषारी रूपात जातो. औषध कोणते ते नक्की माहीत नसताना चुना म्हणजे अंधारात काठी.

नुकसानीचा दावा करायचा असेल तर नमुने पहिल्या दिवशीचे लागतात. पाणी काचेच्या गडद बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, बर्फात. प्लॅस्टिकच्या भिंतीला पायरेथ्रॉइड चिकटून बसतात आणि अहवाल कोरा येतो. मेलेले मासे अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून गोठवा. मेंदूतल्या विकराची तपासणी हवी असेल तर मरायला टेकलेले मासे घ्या आणि सोबत दुसऱ्या स्वच्छ तलावातले त्याच मापाचे मासे तुलनेला द्या. तुलना नसेल तर आकड्याला अर्थ नाही. तळचा चिखलही मूठभर ठेवा. आठव्या दिवशी नुसते पाणी पाठवून काही सापडेल असे मला वाटत नाही.

पुढच्या हंगामासाठी वरच्या खाचरांच्या मालकाशी एकच गोष्ट ठरवा: औषध टाकल्यावर पाणी अडवून ठेवायचे. कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भातशेतीच्या निचऱ्यात तणनाशकाने कार्प मरू लागले तेव्हा हाच उपाय सक्तीचा केला गेला आणि मर थांबली. दाणेदार औषधाला खाचरात पाणी लागतेच, म्हणून टाकण्याआधी बांधाला दोन-तीन बोटे उंची वाढवून घ्यावी, म्हणजे एखादी सर झेलता येते. पाऊस डोक्यावर असताना दाणे टाकू नयेत, त्यात त्याचेही औषध वाहून जाते, हे त्याला पटायला सोपे जाईल. तुमच्या बाजूने तलावाच्या तोंडाशी एक आडवा चर काढा, वरचे पाणी गरज नसेल तेव्हा त्यातून बाहेरच वळवता येईल असा. पाणी आत घेण्याआधी त्या चरात बारीक कापडाचा हापा (पिशवीसारखे जाळे) लावून वीस पिल्ले एक रात्र ठेवा, शेजारी मोइनाचे पेले.

कडुनिंबाचे औषध वापरा म्हणजे प्रश्न मिटेल, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. वनस्पतीतून आले म्हणून ते माशाला सौम्य असते असे नाही. रोटेनोन वनस्पतीच्या मुळातून मिळते आणि मासे मारण्यासाठीच वापरतात. तेही पेल्यात आधी पाहा.